जुन्या रोड सायकलची चेन सटकते? आधी ती कधी सटकते ते बघा

चढावर सीटवरून उठून जोर लावावा आणि नेमकं तेव्हाच पायाखालचं पॅडल रिकामं पडावं. "खट्ट" असा आवाज येतो, गुडघा हँडलवर आपटतो, मागून ट्रक येत असेल तर पोटात गोळा येतो. चेन उतरलेली नसते, तुटलेलीही नसते. एखादा दाता चुकवून ती पुढच्यावर जाऊन बसलेली असते. दुकानात नेलं की बऱ्याचदा उत्तर ठरलेलं: "सगळा सेट बदला." कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा दोष एखाद्या आखडलेल्या कडीत किंवा ढिल्या झालेल्या स्क्रूमध्ये असतो आणि तो घरच्या घरी निघतो. म्हणून आधी दोष शोधायचा, मग पैसे खर्च करायचे. या लेखातला क्रमही तसाच आहे.

ज्यांच्याकडे वडिलांची, काकांची किंवा सेकंडहँड घेतलेली स्टीलची रोड सायकल आली आहे, त्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहितो आहे. म्हणजे साधारण १९७० ते १९९५ या काळातली, मागच्या चाकाला ५, ६ किंवा ७ दातेरी चकत्या, पुढे पॅडलपाशी दोन चेनव्हील्स (मोठी दातेरी चाकं) आणि गियरच्या दोन दांड्या हँडलवर नाहीत तर फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर. हिशेबाला सोयीचं म्हणून पुढे ५२ आणि ४२ दाते, मागे १४ ते २८ दात्यांचं सहा चकत्यांचं फ्रीव्हील (चकत्यांचा एकत्र गठ्ठा, पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणारा) आणि १०८ कड्यांची चेन धरतो. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, रीत तीच.

हाताशी काय हवं

इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, मध्यम स्क्रू ड्रायव्हर, जुनं बनियन किंवा चिंधी, थोडं रॉकेल किंवा डिझेल, चेनचं तेल. चेन बदलायची वेळ आली तर चेन कटर आणि फ्रीव्हील काढायची वेळ आली तर त्याचा रिमूव्हर, पण ही दोन आत्ताच विकत घेऊ नका. मागचं चाक अधांतरी फिरेल अशी सोय करा. स्टँड नसेल तर सीट दोरीने छताच्या हुकाला टांगली तरी चालते. सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केली तरी काम होतं, फक्त डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) उलटा होऊन वर येतो आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ उडतो. नवख्याने शक्यतो टांगूनच करावं.

एक सूचना आधीच: फिरती चेन आणि चेनव्हील यांच्यामध्ये बोट जायला क्षण पुरतो. हाताने पॅडल फिरवताना दुसरा हात चेनजवळ असेल तर अगदी सावकाश, आणि नेहमी उलट्या दिशेने.

पायरी पहिली: चेन काय म्हणते ते ऐका

चेन आधी पुसून घ्या. काळ्या चिखलात लडबडलेल्या चेनकडे बघून काहीही कळत नाही. चिंधीवर रॉकेल घ्या, चेन चिंधीत धरा, पॅडल उलटं फिरवा, चिंधीची जागा बदलत राहा. कड्या चकाकायला लागल्या की थांबा आणि थेंबथेंब तेल द्या.

मग मोकळ्या मैदानात किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर न्या. सीटवर बसूनच चालवा, उभं राहायचं नाही. मागचा ब्रेक हलकासा दाबून पॅडलवर जोर दिला की सपाट रस्त्यावरही चढासारखा ताण येतो. प्रत्येक चकतीवर थोडा वेळ असं करा आणि चार गोष्टी टिपा. सगळ्या चकत्यांवर सटकते की ठरावीक एक-दोनवर? जोर दिल्यावरच, की हलक्या पायानेही? ठरावीक अंतराने, की वाटेल तेव्हा? आणि सटकताना चेन दात्यांवरून उचलली जाते, की चेन जागच्या जागी राहून पॅडलच पुढे निसटतं? शेवटचं स्वतः चालवताना दिसत नाही. मित्राला बाजूने चालत यायला सांगा, नाहीतर मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा.

या चार उत्तरांवरून दोष कुठे आहे ते जवळजवळ ठरतं. ती नसताना पाना हातात घेतला तर एक बिघाड काढताना दुसरा घालून ठेवाल.

ठरावीक तालात सटकत असेल

ताल मोजायला पॅडलच्या फेऱ्या मोजा. १०८ कड्यांची चेन ५२ दात्यांच्या चेनव्हीलवर असेल तर तीच कडी परत त्याच जागी यायला पॅडलच्या दोन फेऱ्यांहून किंचित जास्त लागतात. ४२ दात्यांवर अडीचपेक्षा थोड्या जास्त. म्हणजे दर दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा खट्ट होत असेल तर दोष चेनच्या एका विशिष्ट कडीत आहे. पॅडलच्या एका फेरीत तीन-चारदा होत असेल तर मागची एखादी लहान चकती बघा, कारण ५२ आणि १४ च्या जोडीत पॅडल एकदा फिरतं तेवढ्यात ती चकती पावणेचार वेळा फिरते. आणि बरोबर एका फेरीला एकदा होत असेल तर पुढे बघा: चेनव्हीलचा वाकलेला दाता, ढिला क्रँक (पॅडल ज्याला बसतं तो दांडा), ढिलं पॅडल.

आखडलेली कडी शोधणं सोपं आहे. मागे सगळ्यात लहान चकतीवर चेन ठेवा, पॅडल अगदी हळू उलटं फिरवा आणि नजर डिरेलरच्या खालच्या दोन छोट्या पुलींवर ठेवा. तिथे चेनला दोनदा कडक वळण घ्यावं लागतं. आखडलेली कडी तिथे सरळ होत नाही, वाकडीच बाहेर येते आणि डिरेलरची दांडी टुणकन उडते. उडी दिसली की थांबा, त्या कडीला खडूने खूण करा.

पावसाळ्यात महिना-दीड महिना ओली ठेवलेली सायकल असेल तर कारण गंज. तिथे पातळ तेलाचा थेंब, पाच मिनिटं थांबणं आणि मग हाताने मोकळं करणं एवढं पुरतं. अलीकडे चेन जोडली असेल तर कारण बहुधा जोडणीची पिन: ती आत जाताना बाहेरच्या पट्ट्या आतल्या पट्ट्यांवर दाबल्या जातात. दोन्हीला उपाय एकच. कडीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही हातांचे अंगठे ठेवून चेन आडवी, म्हणजे ती एरवी वाकत नाही त्या दिशेने, पुढेमागे हलकेच वाकवा. वर-खाली नाही, आडवी. दोन-तीनदा केलं की कडी सुटी होते. तरीही आखडत असेल तर चेन कटरने पिन केसभर हलवावी. एकाच चेनमध्ये पाच-सहा कड्या अशा निघाल्या तर मात्र ती चेन संपली असं समजा. एकेक कडी मोकळी करत बसण्यात अर्थ नाही.

ठरावीक चकतीवर, जोर दिल्यावरच सटकत असेल

जुन्या सायकलींवर सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार हाच, म्हणून इथे जरा रेंगाळू.

चेन "ताणली" असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्यावर फिरणारा आतल्या कडीचा भाग. धूळ आणि जुनं तेल मिळून पॉलिश पेपरसारखी पेस्ट तयार होते, ती या दोन पृष्ठभागांना घासत राहते. एका सांध्यात केसाएवढी झीज झाली तरी शंभरावर सांध्यांची मिळून चेन लांब होते. हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली रोलर चेन आणली तेव्हापासून या चेनचं दुखणं हेच आहे.

नव्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मागच्या चकतीचे दातेही त्याच अंतराने कापलेले. चेन लांबली की ती दात्याच्या बुडाशी न बसता वर चढून बसते आणि हळूहळू दात्यांनाही आपल्या मापाने झिजवते. म्हणून झिजलेली चेन आणि झिजलेली चकती एकमेकींशी गुण्यागोविंदाने नांदतात, कधीकधी अनेक वर्षं. सटकणं सुरू होतं ते तुम्ही फक्त नवी चेन घातल्यावर. नव्या चेनचे रोलर (दात्यांमध्ये बसणारी गोल नळकांडी) अर्ध्या इंचावर, चकतीच्या खाचा मात्र लांबट झालेल्या. जोर पडला की रोलर उतरत्या दात्यावरून चढून पुढे जातो. "नवी चेन टाकली आणि तेव्हापासूनच सटकायला लागली, चेन खराब निघाली" ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. चेन चांगली असते.

मोजायची रीत अशी. चेन सायकलवर असतानाच वरच्या भागात पॅडलने किंचित ताण द्या. पट्टीचा शून्य एका पिनेच्या डाव्या कडेशी लावा आणि तिथून २४ कड्या सोडून येणाऱ्या पिनेची डावी कड बघा. नवी चेन असेल तर ती बरोबर १२ इंचांवर येते. १२ इंच आणि वर १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास जास्त, असेल तर चेन बदलायची वेळ झाली, आणि फ्रीव्हील अजून वाचण्याची शक्यता चांगली. १/८ इंच जास्त असेल तर निदान रोजच्या वापरातल्या चकत्या तरी गेल्या असं समजून चाला. तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजा. दुकानात मिळणारा चेन चेकर हेच काम दोन सेकंदांत करतो, पण पट्टी जास्त भरवशाची, कारण काही चेकर रोलरचा ढिलेपणाही झिजेत धरतात.

आता चकत्या. फार झिजलेला दाता एका बाजूला कलतो, टोकदार होतो, शार्कच्या पाठीवरच्या पंखासारखा दिसतो. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. खटक्याच्या गियरसाठी (दांडी प्रत्येक गियरला ठरावीक जागी खट् करून थांबते तो प्रकार) बनवलेल्या फ्रीव्हीलमध्ये काही दाते मुद्दाम आखूड, तिरके किंवा पिळलेले कापलेले असतात. ते पाहून "चकतीचे दाते तुटलेत" म्हणून चांगलं फ्रीव्हील फेकून देणारे आहेत. उलट, दिसायला ठीकठाक चकतीही नवी चेन सटकवू शकते. पक्की परीक्षा एकच: नवी चेन घालून, ब्रेक हलका दाबून, जोर देऊन बघायचं. ज्या चकत्यांवर ती सटकते त्या झिजलेल्या. साधारणपणे १४, १६, १८ दात्यांच्या लहान चकत्या आधी जातात. तिथे कमी दात्यांवर सगळा जोर येतो आणि सपाटीवर आपण तिथेच असतो. २४ आणि २८ च्या चकत्या नव्यासारख्या निघतात.

आता निर्णय तुमचा. चेन १/८ इंचापलीकडे गेली असेल आणि अजून सटकत नसेल, तर माझं मत: तशीच चालवा. सटकायला लागेपर्यंत चेन आणि फ्रीव्हील दोन्ही वापरून घ्या आणि मग दोन्ही एकदम बदला. सटकत असेल तर दोन्ही आत्ताच. फक्त चेन बदलून "चालवता चालवता बसेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बसते खरी कधीकधी, पण नवी चेन स्वतःच झिजून चुकीच्या मापाची झाल्यावर.

चेन घेताना आणि बसवताना

दुकानात "सायकलची चेन द्या" म्हणालात तर हातात येते काळ्या बिनगियरच्या सायकलची चेन. तिची आतली रुंदी १/८ इंच. गियरच्या सायकलला ३/३२ इंचाची लागते. "सिक्स-सेव्हन-एट स्पीडची चेन" असं स्पष्ट मागा. ती पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलवरही छान चालते. केएमसी आणि शिमानो या कंपन्यांच्या या वर्गातल्या साध्या चेन पुरेशा आहेत. ९ किंवा १० स्पीडची चेन अरुंद असते आणि महागही. इथे तिचा काही उपयोग नाही.

लांबी ठरवताना नवखे एक चूक हमखास करतात: जुनी आणि नवी चेन शेजारी लटकवून टोकाला टोक जुळवतात. पण जुनी चेन एक टक्का लांबली असेल तर ५४ इंचांत अर्धा इंच, म्हणजे अख्खी एक कडी, फरक पडतो. कड्या मोजा. किंवा जुन्या चेनवर भरवसाच नसेल तर नवी चेन डिरेलरमधून न नेता थेट पुढच्या मोठ्या चेनव्हीलवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गुंडाळा, टोकं जिथे भेटतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या, जास्त ठेवून तोडा. चेन फार लांब राहिली तर लहान-लहान जोडीवर (पुढे लहान चेनव्हील, मागे लहान चकती) ती लोंबते आणि तिथेही सटकते.

जोडायला क्विक लिंक (पिन न ठोकता जुळणारी जोडकडी) वापरा, त्याच ६-७-८ स्पीडच्या मापाची. काढलेली पिन परत ठोकून बसवण्याची जुनी सवय जुन्या चेनवर चालून जायची, आजच्या चेनवर नाही. पिनेची टोकं पसरवून बसवलेली असतात, एकदा बाहेर काढली की ती पकड गेली. भर चढावर तुटलेली चेन हे सटकणाऱ्या चेनपेक्षा वाईट दुखणं.

फ्रीव्हील काढणं

या वयाच्या बहुतेक सायकलींवर मागे आट्यांनी हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) चढवलेलं फ्रीव्हील असतं, आजच्यासारखी हबवर सरकवून बसवायची कॅसेट नव्हे. पॅडल मारताना ते आपोआप आणखी घट्ट होत जातं, म्हणून वर्षानुवर्षं न काढलेलं फ्रीव्हील सुटायला फार जोर लागतो. कंपनीप्रमाणे रिमूव्हर वेगळा: शिमानोला बारीक खाचांचा, जुन्या सनटूरला दोन किंवा चार दातांचा, फ्रेंच-इटालियन फ्रीव्हीलना आणखी निराळे. फ्रीव्हीलच्या तोंडाचा फोटो काढून दुकानात न्या. "बसतोय असं वाटतंय" असा रिमूव्हर लावलात तर खाचा मोडतील आणि मग फ्रीव्हील कापून काढावं लागेल.

चाक काढा, क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक आवळायच्या तरफेची) दांडी बाहेर काढा, रिमूव्हर बसवा आणि मग तीच दांडी परत घालून तिच्या नटाने रिमूव्हर जागेवर दाबून धरा. हे टाळलंत तर जोर लावताना रिमूव्हर उसळेल आणि बोटांची सालं जातील. मोठ्या पान्याने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. वाइस असेल तर रिमूव्हर त्यात पकडा आणि अख्खं चाक स्टिअरिंगसारखं फिरवा, याहून सोपी रीत नाही. एकदा "कट्" होऊन हललं की लगेच नट सोडा, नाहीतर दांडी वाकेल. पुढे हाताने उलगडा.

नवं फ्रीव्हील चढवण्याआधी हबच्या आट्यांना ग्रीस लावा, भरपूर. आणि सुरुवातीचे आटे बोटांनीच चढवा, हब ॲल्युमिनियमचा आणि फ्रीव्हील पोलादी, तिरकं बसलं तर आटे हबचे जातात. बाजारातली फ्रीव्हील्स इंग्रजी मापाच्या आट्यांची असतात. जुन्या फ्रेंच सायकलीचा मूळ हब असेल तर आटे वेगळे असू शकतात. दोन फेऱ्यांतच अडकलं तर जबरदस्ती नको.

हलक्या पायानेही खडखडते, मधेच गियर बदलते

इथे झीज नाही, जुळणी बिघडली आहे. डिरेलरने चेन चकतीच्या बरोबर खाली धरलेली नसते, ती शेजारच्या चकतीवर चढू बघते.

तुमच्या दांड्या खटक्याच्या आहेत की सरकत्या, ते आधी बघा. सरकत्या दांड्यांना ठरावीक जागा नसते, गियर बदलल्यावर आवाज जाईपर्यंत दांडी किंचित मागेपुढे करून चेन मध्यावर आणावी लागते. नव्याने शिकणारे गियर पडला की दांडी सोडतात, चेन दोन चकत्यांच्या अध्येमध्ये राहते आणि जोर दिला की सटकते. यात सायकलचा दोष नाही, आठवड्याभरात हाताला सवय होते. दांडी आपली आपणच हळूहळू पुढे सरकत असेल, म्हणजे तुम्ही न बदलताही चेन लहान चकतीकडे पळत असेल, तर दांडीच्या मधला स्क्रू ढिला आहे. बऱ्याच दांड्यांवर त्याला धरायला इंग्रजी डी अक्षरासारखी घडीची कडी असते. पाव फेरी घट्ट करा. स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही.

शिमानोने खटक्याचे गियर ड्युरा-एस या आपल्या वरच्या श्रेणीच्या सेटवर १९८४ साली आणले आणि पुढच्या काही वर्षांत ते सगळीकडे पसरले. अशा बऱ्याच दांड्यांवर खटके बंद करून सरकती पद्धत लावायची सोय असते. दोष शोधायला याहून चांगलं साधन नाही. खटके बंद करा, दांडीने चेन हाताने मध्यावर आणा, जोर द्या. सटकणं थांबलं तर दोष केबलच्या ताणात. तरीही सटकलं तर दोष चेन-चकतीत, मागचा भाग परत वाचा. या एका चाचणीने नव्या फ्रीव्हीलचे पैसे वाचू शकतात.

केबलचा ताण जुळवायला डिरेलरला जिथे केबल शिरते तिथला गोल खाचांचा नट फिरवतात. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर नट घड्याळाच्या उलट दिशेने, मोठ्या चकतीकडे ओढली जात असेल तर घड्याळाच्या दिशेने. एका वेळी पाव फेरी, मग पॅडल फिरवून बघायचं. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू मात्र सोडून द्या. ते फक्त दोन्ही टोकांच्या मर्यादा ठरवतात. मधल्या चकतीवरच्या सटकण्याशी त्यांचा संबंध नाही, आणि चुकीचे फिरवले तर डिरेलर चाकाच्या तारांमध्ये जातो. नट फिरवूनही ताण टिकत नसेल तर केबलच बदला, बाहेरच्या नळीसकट. विशेषतः मागच्या डिरेलरजवळचा वळणाचा तुकडा पावसाळ्यात आतून गंजतो.

दोन गोष्टी जुन्या रोड सायकलींच्या खास. पहिली, मागच्या चाकाच्या लांबट आडव्या खाचा. क्विक रिलीज पुरेसं घट्ट नसेल तर जोर दिल्यावर उजवीकडून चाक पुढे ओढलं जातं, तिरकं बसतं, कधी फ्रेमला घासतं. चेन नीट, चकत्या नीट, तरी खडखड. चाक सरळ बसवा, क्विक रिलीजची दांडी तळहातावर वळ उठेल इतकी घट्ट मिटवा. दुसरी, हँगर. सायकल कधी उजव्या अंगावर पडली असेल तर डिरेलर ज्या कानाला लटकतो तो आत वाकतो. मागे बसून एका डोळ्याने बघा: डिरेलरच्या दोन पुली आणि चकती एका उभ्या रेषेत हव्यात. स्टीलच्या फ्रेमचा हँगर फ्रेमचाच भाग असतो आणि तो सरळ करता येतो, हा स्टीलचा मोठा गुण. सरळ करायचं गेज असलेल्या दुकानातून करून घ्या. ॲल्युमिनियमचा असेल तर वाकवत बसू नका, तुटतो.

चेन जागेवर, पॅडलच पुढे निसटतं

हा प्रकार कमी दिसतो, पण धोकादायक सगळ्यात जास्त. फ्रीव्हीलच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पोलादी जिभा असतात, दुकानात त्यांना कुत्रे म्हणतात. पॅडल मारलं की त्या आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरतं, पॅडल थांबवलं की टिकटिक करत घसरतात. जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालं की जिभा वेळेवर उठत नाहीत. मग सगळ्याच चकत्यांवर, कधीही, पॅडल एकदम पुढे जातं. चेन बघाल तर ती आपल्या जागी.

अशी सायकल रस्त्यावर नेऊ नका. चाक काढून फ्रीव्हील वर येईल असं आडवं ठेवा, फिरणारा आणि स्थिर भाग यांच्यामधल्या फटीत रॉकेल सोडा, फ्रीव्हील उलटं फिरवा, खालून काळं पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत करा, सुकू द्या, मग त्याच फटीतून पातळ तेल. जाड ग्रीस नको, मुळात त्यानेच घोळ केला. टिकटिक स्पष्ट आणि एकसारखी ऐकू आली तर बरं झालं. नाही तर फ्रीव्हील बदला. उघडून दुरुस्त करणारे जुने कारागीर आहेत, पण नवख्याने उघडू नये: झाकणाचे आटे उलटे असतात आणि आतून बारीक छर्ऱ्यांच्या दोन रांगा घरभर पसरतात.

पुढच्या बाजूला

चेनव्हीलवर चेन क्वचितच सटकते, तिथे दाते खूप आणि जोर वाटला जातो. तरी बघून घ्या: चेनव्हीलच्या पुढच्या टोकाला चेन बोटांनी पुढे ओढा. दात्याचा निम्म्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन झिजलेली आहे, आणि नवी चेन घालूनही पडला तर चेनव्हील. वाकलेला एखादा दाता असेल तर पक्कडीने सरळ होतो.

कॉटर पिनेचे (आडव्या पाचरीसारख्या पिनेने धुरीवर बसवलेले) क्रँक असतील तर ढिल्या कॉटरचा धक्का सटकण्यासारखाच लागतो. ओळखायची खूण: एक क्रँक आडवा धरून दुसऱ्या हाताने पलीकडचा हलवा. दोघांमध्ये खेळ जाणवला तर चेनला हातही लावू नका, आधी कॉटर बदला. तिचा नट नुसता आवळून काही होत नाही, झिजलेली पिन चार दिवसांत परत ढिली होते.

रस्त्यावर परत नेण्याआधी

सगळं जोडून झालं की पुन्हा मैदानात. आधी बसून, हलक्या पायाने, सगळ्या चकत्यांवर. मग ब्रेक दाबून जोर. मग छोटा चढ, अजूनही बसूनच. एवढ्यात एकदाही खट्ट झालं नाही तरच उभं राहून जोर द्यायचा. नवी चेन आणि नवं फ्रीव्हील पहिल्या फेरीपासून गप्प चालायला हवीत. नाही चाललीत तर केबल, हँगर आणि चाकाची बसण या क्रमाने परत बघा.

भिजून आल्यावर चेन पुसून, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल देऊन, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल परत पुसून टाका. गंज सोडवायचे फवारे तेलाच्या जागी वापरू नका, ते असलेलं तेलही धुऊन नेतात. आणि नवी चेन घातल्याची तारीख फ्रेमच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी स्टीलच्या पट्टीने चेन मोजा. १/१६ इंचाला चेन बदललीत तर एका फ्रीव्हीलवर दोन-तीन चेन सहज निघतात.